गार्ड दाखवा, मशीन ठेवा

रामवाडीतल्या माझ्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं की ते आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या पाठीमागे बघायचं. पाठीमागे भिंत होती. मग विचारायचं, "मिस्त्री कुठे गेलेत?" मी म्हणायचे, "मिस्त्री इथेच आहे. मशीन ठेवा आणि त्याला काय होतंय ते सांगा." बहुतेक जण मुकाट्याने ठेवायचे. काही जण "मग येतो" म्हणून निघायचे, अख्खा पेणचा बाजार पालथा घालायचे आणि संध्याकाळी परत यायचे, कारण त्यांचं मशीन तिकडे कुणी हातात घेतलेलं नसायचं. अशांना मी मुद्दाम थोडं जास्त बसवून ठेवायचे. माणसाला एवढी मजा हवी.

हाताने चालवायची विजेची मशीन्स दुरुस्त करणं हा माझा धंदा. ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायचं कटर, रंधा मारायचं मशीन, जे येईल ते. हे काम मी माहेरी शिकले, रोह्याला. बाबा शेतावरच्या पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे मोटारीच्या पोटातली जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायचे. इतर मुली रांगोळीचे ठिपके मोजायच्या तेव्हा मी तारेचे वेढे मोजत बसायचे. लग्न होऊन पेणला आले. आमचे हे कंपनीत शिफ्टला जायचे आणि मला रिकामं बसवत नव्हतं, म्हणून दुकान काढलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा शटर खाली ओढलं. माझं चरित्र एवढंच. बाकी सगळी गिऱ्हाइकं.

ज्यांनी असं मशीन कधी उघडलं नाही त्यांना आधी थोडं सांगते. आत मधोमध एक गरागरा फिरणारा भाग असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. त्याला वीज पोचवायला दोन बाजूंनी कार्बनचे दोन लहान ठोकळे टेकलेले असतात. ते पाटीवरच्या पेन्सिलीसारखे झिजतात. वेळेवर बदलले तर मशीन वर्षानुवर्षं चालतं. नाही बदलले तर ठिणग्या पडतात, जळका वास येतो, आणि मालक मशीन घेऊन माझ्याकडे येऊन शपथेवर सांगतो, "काय केलं नाय वैनी, आपोआप बंद पडलं." आपोआप बंद पडलेलं मशीन मी उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही.

रोह्याला माहेरी जाताना गाडी निडीला थांबायची. तिथले एक वाल पिकवणारे काका मी कोणत्या डब्यात आहे ते आधी फोन करून विचारून घ्यायचे आणि खिडकीतून मशीन आत द्यायचे. माझ्या शेजारची माणसं दचकायची. एकदा दसऱ्यानंतर त्यांनी दिलेलं ड्रिल मांडीवर घेतलं तर त्यातून पाणी ठिबकायला लागलं. काकांच्या घरी खंडेनवमीला नांगर, कोयते, कुदळी सगळं घासूनपुसून धुवायची पद्धत. काकूंनी त्यात ड्रिलही घेतलं. साबण लावून बादलीत बुडवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं आणि मुहूर्त म्हणून बटण दाबायला काकांच्या हातात दिलं. नशीब बलवत्तर, घरातली फ्यूज गेली. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, पुढच्या वर्षी त्याला नुसता नमस्कार करा!" गाडी सुटली. काका फलाटावरून ओरडले, "देवाला बिनआंघोळीचं कसं चालंल?" ते ड्रिल मी उन्हात वाळवलं, आतून साफ केलं, दोन भोकांतून कुंकू काढलं आणि परत पाठवलं. पुढच्या दसऱ्याला काकूंनी ते कोरड्या फडक्यानं पुसलं आणि पूजेत फोटोसारखं मागे उभं करून ठेवलं. म्हणजे समझोता झाला.

दुसरी एक जमात म्हणजे पिन तोडणारे. मशीनच्या प्लगला तीन पिना असतात. त्यातली जाडी पिन अर्थिंगची. धातूच्या मशीनच्या अंगात वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून न जाता ह्या पिनेतून निघून जावी, एवढंच तिचं काम. पण घरातल्या सॉकेटला दोनच भोकं असली की आमचा माणूस सॉकेट बदलत नाही, पिन तोडतो. त्याहून शूर माणूस प्लगच तोडतो, दोन तारा सोलून भोकात घालतो आणि वर काडेपेटीच्या दोन काड्या खोचतो. मी विचारायचे, "काड्या कशाला?" तर म्हणायचे, "तारा पडू नयेत म्हणून. सेफ्टी." ह्या शब्दाचे जेवढे अर्थ मी त्या काउंटरवर ऐकले तेवढे कुठल्या कोशात नसतील.

पण मला सांगायचं आहे ते काशिनाथचं.

खाडीकडचं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या वेळी तिथे चहा मिळायचा नाही. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये बांध. पूर्वी सगळे मिठावर नाहीतर भातावर. आता घरटी एक ग्राइंडर आहे. कुणी खिडक्यांच्या जाळ्या करतो, कुणी गेट, कुणी पत्र्याच्या शेड. ग्राइंडर म्हणजे हाताएवढं मशीन, त्याच्या तोंडाशी पातळ गोल चकती. ती इतक्या वेगात फिरते की नुसती धूसर दिसते आणि लोखंड काकडीसारखं कापते. चकती दगडी भुकटीची, जाळी घालून दाबलेली. ती अडकली, आपटली किंवा जुनी झालेली असली की फुटते, आणि तिचे तुकडे सुटतात ते बंदुकीतून सुटावेत तसे. म्हणून कंपनी चकतीच्या अर्ध्या भागावर पोलादाचं एक झाकण देते. अर्ध्या चंद्रासारखं. त्याला गार्ड म्हणतात. चकती आणि तुमचं तोंड ह्यांच्यामध्ये जगात तेवढी एकच वस्तू असते.

आणि मशीन घरी आणल्यावर आमची माणसं पहिलं काम करतात ते म्हणजे गार्ड काढून टाकणं. कोपऱ्यात मशीन शिरत नाही. मोठी चकती बसत नाही. काप नीट दिसत नाही. कारणं शंभर, गार्ड गायब.

काशिनाथनेही काढला होता. तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि बरोबर बायको होती, यमुना. बोलायचं सगळं यमुनेकडे.

"वैनी, एक डोला गेला ह्याचा," ती म्हणाली. "चकती फुटली. डाक्टर बोलले, आता तो काय येनार नाय. ह्याला मशीन सोड बोलले तर सोडीत नाय. मग दुसऱ्या डोल्याला काय तरी झाकन द्या."

काशिनाथ काउंटरवर बोट फिरवत उभा. मी म्हटलं, "मूळचा गार्ड कुठे आहे?"

"खाडीत," तो म्हणाला. तेवढाच एक शब्द.

त्याचं मशीन जुनं होतं. त्या बनावटीचा गार्ड मिळेना. मग मी दुसऱ्या मशीनचा एक गार्ड घेतला, त्याची मान, म्हणजे मशीनवर बसते ती कडी, कानशीने घासून मोठी केली, थोडी जास्तच घासली गेली, म्हणून आत पितळेच्या पट्टीचा एक तुकडा घालून घट्ट बसवला. दुपार गेली त्यात. यमुना बाकावर बसून बघत होती. गार्ड बसला तेव्हा तिने तो स्वतःच्या हाताने हलवून पाहिला, दोनदा हलवला, मग म्हणाली, "ऱ्हाईल." चष्मा आहे का विचारलं, तर काशिनाथने गळ्यातला काढून दाखवला. घासून घासून इतका पांढरा झाला होता की त्यातून दिवसाही रात्र दिसली असती. नवा दिला.

ती दोघं गेल्यावर मी पुठ्ठा घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "गार्ड दाखवा, मशीन ठेवा." खाली बारीक अक्षरात, "नसेल तर वाद घालू नये." तो दाराशी टांगला.

वाद घातलेच लोकांनी. एका सुताराने मला सांगितलं, तुमच्या असल्या वागण्याने धंदा बसेल. मी म्हटलं, बसू दे, मीही बसलेलीच आहे. धंदा थोडा बसला हेही खरं. पण गंमत अशी झाली की काशिनाथच्या गावाहून येणारी मशीन्स एकापाठोपाठ एक गार्ड लावून यायला लागली. परशुराम आला, गार्ड आहे. त्याचा चुलतभाऊ आला, गार्ड आहे. शेड मारणारा दामू आला, तो तर दारातूनच मशीन वर करून, "वैनी, बगा, गार्ड हाय! सोन्यासारका!" कामं छोटी असायची. कार्बन बदल, वायर बदल, बटण बदल. माणूस बाकावर बसलेला असतानाच व्हायची. गार्डला हात लावायची वेळ यायची नाही.

माझी छाती फुगली. एका पुठ्ठ्याने अख्खं गाव सुधारलं! जेवताना मी ह्यांना रोज त्याच गोष्टी सांगायला लागले. हे फार बोलत नाहीत. एका संध्याकाळी आमटीचा भुरका मारून म्हणाले, "अख्खं गाव सुधारलं? आपलं पेण अजून हेल्मेट घालत नाही." मला राग आला. रागात मी त्यांना आमटी दुसऱ्यांदा वाढली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दामू आला. ह्या वेळी आर्मेचर पार जळलेलं. म्हटलं, ठेवून जा, वाइंडिंग करावं लागेल, वेळ लागेल. तो ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन पुरतं खोलायला घेतलं. गार्डचा स्क्रू सैल केला, गार्ड हातात आला, आणि आतून पितळेची पट्टी खाली पडली.

स्वतःच्या हाताने घासलेलं लोखंड ओळखू येतं हो. कानशीचा तो वाकडा ओरखडा माझाच. पट्टीही माझीच. मी दामूला फोन लावला.

"दामू, हा गार्ड कुणाचा?"

पलीकडून हसू आलं. "वैनी, आता तुमच्यापासून काय लपवायचा. गावात एकच हाय. काशिनाथकडचा. तुमची पट्टी घातली का कुनाच्याबी मशीनवर बसतो. तुमच्याकडं यायचा असला की तो लावून आनायचा, घरी गेला की परत द्यायचा. बारशाला नाय का एकच पालना सगल्या आलीत फिरतो? तसा."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं. एवढी डोक्याची माणसं, आणि ते डोकं वाचवायला मात्र तयार नाहीत! मग एकदम माझं हसू थांबलं.

"अरे, मग काशिनाथ काय लावतो?"

"तो काय... देतो मागितला की. नाय बोलायचा सभाव नाय त्याचा."

"आत्ता काय करतोय तो?"

"देवलाच्या गेटाचा काम हाय ना. जत्रा आली. कालपास्नं कापतोय."

मी काशिनाथला फोन लावला. उचलेना. कसा उचलेल? मशीन चालू असताना कानाशी तोफ डागली तरी ऐकू येत नाही. यमुनेचा नंबर माझ्याकडे नव्हता. पुन्हा दामूला लावला, तर तो कामावर नागोठण्याला निघालेला. त्याच्या मशीनचा गार्ड माझ्या टेबलावर, आणि ज्याचा एकच डोळा उरलाय तो माणूस तिकडे उघड्या चकतीसमोर बसलेला. तेही माझ्या पुठ्ठ्याच्या कृपेने! गावात गार्ड लावून काम करणारा एकुलता एक माणूस, आणि माझ्या नियमाने गार्ड नेमका त्याच्याच मशीनवरून उतरवला होता.

शटर ओढलं, गार्ड आणि पाना-पेचकस पिशवीत टाकले आणि मिनीडोर रिक्षा पकडली. ड्रायव्हर सीटा भरल्याशिवाय हलेना. मी म्हटलं, "बाबा, मी एकटी सगळ्या सीटा आहे असं समज आणि चल." त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि निघाला. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे काय काय येत होतं ते लिहीत नाही. फाट्यावर उतरून बांधाने चालायला लागले. तेव्हाही गुडघे कुरकुरत होतेच. मिठागरात बाया मीठ ओढत होत्या. एकीने विचारलं, "कोनाकडं गो जातेस एवढी घाईनी?" मी नुसता हात केला.

गावाजवळ आले आणि ग्राइंडरचा आवाज ऐकू आला. एरवी त्या आवाजाने माझं डोकं उठतं. त्या दिवशी तो ऐकून जीव भांड्यात पडला. मशीन चालू आहे, म्हणजे माणूस धड आहे. दोन पावलं गेल्यावर कळलं, मशीन चालू आहे म्हणजे उघडी चकतीही चालू आहे. मग आणखी भराभर चालले.

यमुना ओट्यावर सुकट निवडत होती. "अगो बाय, वैनी! ये गो, बस. पानी आनते."

"काशिनाथ?"

"मागल्या मांडवात. गेट करतोय."

"गार्ड लावलाय का त्याने?"

"मंग? त्याच्याशिवाय मशीनला हात लावू देते व्हय मी? रोज इचारते मी. व्हय बोलतो."

मी घराच्या मागे गेले. ती सुकट तशीच टाकून माझ्या मागून आली.

चालत्या मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नसते. हात तर अजिबात लावायचा नसतो. तो दचकला की मशीन हातातून उडतं. म्हणून मी कडेकडेने बोर्डाकडे गेले. आणि बाजूने त्याचं तोंड दिसलं तेव्हा बटणावरचा माझा हात तसाच राहिला.

काशिनाथ उकिडवा बसला होता. पुढ्यात लोखंडाचा गज, गजावर फिरती उघडी चकती, ठिणग्यांचा झोत. आणि त्याची मान पुरी उजवीकडे वळवलेली. चांगला डोळा दुसऱ्या बाजूला, मांडवाच्या कुडाकडे. चकतीकडे केला होता तो गेलेला डोळा. तो कामाकडे बघतच नव्हता. न बघता लोखंड कापत होता.

मी बटण बंद केलं. चकती फिरत फिरत थांबली. काशिनाथने मान सरळ केली आणि मला बघून ओशाळला.

"वैनी? तुम्ही कवा आलात?"

"काशिनाथ, दिसत नाही तर कापतोस कसा रे?"

"आधी कानशीनी खाच पाडतो," तो हळूच म्हणाला. "अंगठ्यानी चाचपतो. चकती खाचेत बसली की कलतं. मंग आवाजावर कापायचा. लोखंड संपत आला की आवाज बदलतो." मग गेलेल्या डोळ्याकडे बोट केलं. "हा डोला गेलेलाच हाय. त्याचा आता काय जानार? म्हनून तो पुढं करतो. चांगला वाचतो."

यमुना माझ्या पाठीमागे उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. ती आधी ओरडलीच नाही. पुढे गेली, मशीन उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. गार्डच्या जागी नुसती मान.

"मना व्हय बोललास," ती म्हणाली. "रोज इचारला तुला. रोज व्हय बोललास."

"दामूनी मागितला गो..."

"दामूनी मागितला! उद्या कोनी डोला मागितला तर तोबी देशील!" आता तिचा आवाज चढला आणि शेजारपाजारची दारं उघडली. "अरे, दुसरा गेला तर मी काय करू? तुझा हात धरून मिठागरावर नेऊ? देवलात गेट लावशील तो कोनी पाहायचा? मीच येऊन सांगू तुला, का बग, गेट काला हाय का निला हाय?"

शेजारचे दोघेतिघे जमले होते. त्यांत परशुराम होता. यमुनेची नजर त्याच्याकडे गेली तसा तो खांबाआड झाला. मी त्याच्याही गार्डचं कौतुक केलं होतं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. काशिनाथच्या बाबतीत ती भिकेपर्यंत थांबली नसती. मला त्याचा राग येत होता आणि त्याला जवळ घेऊन थोपटावंसंही वाटत होतं. जगातला हा एकच माणूस मी पाहिला ज्याला शेजाऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा आंधळ्याने लोखंड कापणं सोपं वाटलं.

मी पिशवी उघडली. गार्ड काढला, पट्टी घातली, मशीनवर चढवला. तो मशीन कसं धरतो, कसा बसतो, ते धरून दाखवायला लावलं आणि त्याप्रमाणे गार्डची आडवी बाजू फिरवून ठिणग्या त्याच्यापासून लांब जातील अशी केली. स्क्रू आवळला. मग परशुरामला म्हटलं, "तुझं मशीन आण. घासायची चकती लावून." त्याने आणलं. त्यालाही गार्ड नव्हताच. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. चष्मा लावला, पदर खोचला, मशीन चेहऱ्यापासून लांब धरलं आणि काशिनाथच्या गार्डच्या स्क्रूचं डोकं घासून सपाट केलं. पेचकस बसायची खाच गेली. आता तो स्क्रू कुणाच्या बापाला उघडता आला नसता.

"हे बघ काशिनाथ," मी म्हटलं, "आता हा निघणार नाही. काढायचा तर माझ्या दुकानात येऊन स्क्रू फोडावा लागेल. कुणी मागायला आला तर तुला नाही म्हणायची गरज नाही. निघत नाही म्हण. खोटं नाही ते."

त्याने स्क्रूवर अंगठा फिरवला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुटकाच म्हणेन. पाठीवरची गोणी उतरवल्यावर हमालाच्या चेहऱ्यावर येते तशी.

"निघत नाय," तो म्हणून बघायला लागला. "निघत नाय रे." एकदा जरा मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच हसला.

यमुनेने बटण लावलं. आम्ही सगळे मागे सरलो. काशिनाथने मशीन चालू केलं, चकती थोडी मोकळी फिरू दिली, जशी द्यायची असते तशी, आणि गजावर टेकवायला गेला. सवयीने मान वळायला लागली. "इकडं बग!" यमुना ओरडली. एवढ्या आवाजातही त्याला ते ऐकू गेलं. त्याने मान सरळ केली आणि चकतीकडे बघत काप घेतला.

मी चहा घेऊन निघाले. परतताना बांधापर्यंत यमुना सोडायला आली. सुकटीचं एक पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं.

दामूला त्याचं मशीन मी दिलं नाही. म्हटलं, स्वतःचा गार्ड आण. चार दिवस रुसला. मग घेऊन आला. त्याच्या घरी तो गार्ड डासांची कॉइल लावायला ठेवलेला होता, वर राखेचा थर होता. परशुरामचा सापडला तो कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून. तिसऱ्याचा कुठे होता ते मी विचारलं नाही, वासावरून कळलं. गावात सगळ्यांकडे गार्ड होते. फक्त मशीनवर नव्हते. त्यानंतर मी माझा नियम थोडा वाढवला. गार्ड दाखवा, आणि मी तो हलवून बघणार. हे मला म्हणाले, "आता अख्खं गाव सुधारलं का?" मी म्हटलं, "जेवा." खरं सांगते, किती जणांनी घरी जाऊन पुन्हा काढला असेल ते मला माहीत नाही. मशीन दुरुस्त करता येतं. माणसाच्या बाबतीत मी हमी देत नाही.

जत्रेला मला आवर्जून बोलावणं आलं. आम्ही दोघंही गेलो. देवळाचं गेट नवंकोरं, हिरव्या रंगाचं. भाल्यासारखी टोकं काढलेले गज ओळीने उभे. काशिनाथ नवीन सदरा घालून आल्यागेल्याला प्रसाद देत होता. हे गेटापाशी थांबले आणि मला हळूच म्हणाले, "काम चांगलंय. पण ह्या बाजूचे चार गज बघ. टोकं वरखाली झालीत."

झाली होती. एक उंच, एक बुटका, एकाची धार तिरकी. पलीकडचे सगळे दोरी लावल्यासारखे सरळ.

यमुना आमच्याजवळच उभी होती. तिने ऐकलं. पुढे होऊन तिने त्या चार गजांवरून बोटं फिरवली.

"हे आवाजावर कापलेले," ती म्हणाली. "तो बदलून टाकतो बोलत होता. मी बदलू दिले नाय. देवाला हात जोडायच्या आधी मी ह्या गजांकडं बगते."